मुलांना घेऊन शहरात अर्धा दिवस : बेत परतीच्या वेळेपासून आखावा

मुलांबरोबरची सहल फसली की दोष बहुधा मुलांच्या हट्टावर, गर्दीवर किंवा उन्हावर ढकलला जातो. प्रत्यक्षात चूक आदल्या दिवशीच झालेली असते : कोठे जायचे हे ठरते, किती वाजता निघायचे हेही ठरते, पण घरी किती वाजता पोहोचायचे हे कोणीच ठरवत नाही. मग झोपेची वेळ टळून गेली आहे, पाणी संपले आहे, धाकटे कडेवर आहे आणि थोरल्याने रस्त्यातच बसकण मारली आहे, अशा अवस्थेत परतीचे वाहन शोधण्याची पाळी येते. साधारण २ ते १० वर्षांच्या मुलांना घेऊन आपल्याच शहरात अर्धा दिवस बाहेर पडणाऱ्यांसाठी हा लेख आहे. येथे दिलेला क्रम शक्यतो मोडू नये. वस्तू विसरल्यामुळे जेवढे घोटाळे होतात, त्याहून अधिक घोटाळे नंतरचे काम आधी केल्यामुळे होतात.

१. परतीची वेळ ठरवणे

कागद घेऊन त्यावर सर्वांत आधी घरात पाऊल टाकण्याची वेळ लिहावी आणि तेथून उलटे मोजत यावे. समजा, मूल दुपारी १ वाजता झोपते. हातपाय धुणे, जेवणे आणि निवांत होणे यांत तासभर जातो, म्हणजे १२ वाजता घरी असायला हवे. प्रवास ४० मिनिटांचा असेल तर ११.२० ला तेथून निघावे लागेल. आवरते घेणे, स्वच्छतागृह आणि पादत्राणे यांसाठी २० मिनिटे धरली, तर ११ वाजता खेळ थांबवावा लागेल. तेथे दीड तास मिळावा अशी इच्छा असेल तर ९.३० ला पोहोचावे, ८.५० ला वाहनात बसावे आणि ८.३० पासून घराच्या दाराशी हालचाल सुरू व्हावी. हा हिशेब केल्यावर पुष्कळांच्या लक्षात येते की ‘दहाच्या सुमारास आरामात निघू’ हा बेत मुळातच बसत नव्हता.

दुपारची झोप वाहनात उरकेल, असे गृहीत धरू नये. १ ते २ वर्षांच्या मुलाला दिवसरात्रीत ११ ते १४ तास आणि ३ ते ५ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते, आणि या आकड्यांत दिवसाची झोप धरलेली आहे. वाहनातली २० मिनिटांची डुलकी ती भरून काढत नाही; उलट घरी आल्यावर झोप उडालेली असते आणि संध्याकाळ कुरकुरीत जाते.

प्रवासाचा वेळ मोजतानाही एक चूक हमखास होते. मोबाइलवरचा नकाशा चालण्याचा जो वेळ दाखवतो, तो मोठ्या माणसाच्या चालीचा असतो. पाच वर्षांखालील मूल बरोबर असेल तर तो दुप्पट धरावा. नुकतेच चालू लागलेले मूल असेल तर वेळेचा अंदाज सोडून द्यावा आणि त्याला उचलून नेण्याची तयारी ठेवावी.

दोन मुले असतील तर वेळ धाकट्याच्या झोपेवर ठरवावी आणि ठिकाण थोरल्याच्या आवडीवर. आमच्या घरी हा तह बऱ्याच भांडणांनंतर झाला आणि अजून टिकून आहे.

तपासणी : कागदावर घरी पोहोचण्याची, तेथून निघण्याची आणि खेळ थांबवण्याची अशा तीन वेळा आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नये.

२. ठिकाण निवडणे आणि पडताळणे

एका फेरीत एकच ठिकाण ठेवावे. ‘जाता जाता तेही करून घेऊ’ हे वाक्य बेतावर पाणी फिरवते, कारण मुलांना ठिकाणापेक्षा स्थलांतर थकवते. पादत्राणे, रांग, वाट आणि पुन्हा रांग हे सारे दुसऱ्या ठिकाणी नव्याने करावे लागते.

ठिकाण प्रसिद्ध असण्याची गरज नाही. पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत बसने जाऊन त्याच बसने परत येणे, पादचारी पुलावरून आगगाड्या पाहणे, ग्रंथालयातील बालविभागात तासभर बसणे, रोपवाटिकेतून एक रोप आणणे किंवा बांधकामाच्या कुंपणाबाहेर सुरक्षित अंतरावर उभे राहून खोदकाम पाहणे, हे सारे अर्धा दिवस भरून काढते. खोदयंत्राचा दातेरी पंजा मातीत रुततो, क्षणभर थांबतो, ढेकळे सांडत वर येतो आणि अर्धवट वळून रिकामा होतो; चार वर्षांचे मूल हे चाळीस वेळा पाहू शकते. कंटाळा येतो तो आपल्याला, आणि तेवढ्यावरून ‘झाले का पाहून?’ असे विचारले जाते.

ठिकाण ठरल्यावर पुढील गोष्टी आदल्या दिवशी पडताळाव्यात : साप्ताहिक सुट्टी, बंद होण्याची वेळ आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ (या दोन वेळा बहुधा वेगळ्या असतात), स्वच्छतागृह कोठे आहे, सावली आहे का, आणि बाबागाडी नेणार असाल तर वाटेत किती पायऱ्या आहेत. जुन्या माहितीवर विसंबू नये, फोन करून विचारावे. विचारतानाही ‘उद्या चालू आहे ना?’ असे मोघम विचारू नये. मी एकदा असेच विचारले आणि होकार मिळाला. दुसऱ्या दिवशी संग्रहालय उघडे होते, पण ज्या दालनासाठी आलो होतो ते डागडुजीसाठी बंद होते. दालनाचे किंवा खेळाचे नाव घेऊनच विचारावे.

पावसासाठी किंवा असह्य उकाड्यासाठी १० मिनिटांच्या अंतरावरील एक छप्पर असलेली जागा मनात धरून ठेवावी. हे दुसरे ठिकाण मुलांना आधी सांगू नये, नाहीतर दोन्हीकडे जायचे आहे असा त्यांचा समज होतो.

३. आदल्या रात्रीची पिशवी

पिशवी सकाळी भरू नये. सकाळच्या घाईत खाऊ आठवतो आणि बदलण्याचे कपडे राहतात.

पाणी प्रत्येकाच्या स्वतंत्र बाटलीत घ्यावे, म्हणजे कोणी किती प्यायले हे दिसते. प्रत्येक लहान मुलासाठी अंतर्वस्त्रासह कपड्यांचा एक पूर्ण जोड बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. कपडे बदलल्यावर तीच पिशवी ओल्या कपड्यांसाठी वापरता येते. एक जुना पंचा, कागदी रुमाल, पट्ट्या आणि मूल घेत असलेले नियमित औषध एवढे पुरते. हात स्वच्छ करण्याचा द्रव घेताना त्यात किमान ६० टक्के अल्कोहोल असल्याचे पाहावे, आणि हातावर चिखल किंवा चिकटपणा असेल तेव्हा तो नीट काम करत नाही हे ध्यानात ठेवावे. तेव्हा साबणाने २० सेकंद हात धुणे हाच उपाय आहे.

खाऊ कोरडा, न सांडणारा आणि हाताने खाता येईल असा असावा. चार वर्षांखालील मुलांसाठी अख्खी द्राक्षे, अख्खे दाणे आणि कडक गोळ्या पिशवीत ठेवूच नयेत. द्राक्षे द्यायचीच असतील तर उभी चिरून द्यावीत, कारण आडवी चिरली तरी गोल चकती घशात बसू शकते.

सावधान : चालताना, पळताना किंवा झोक्यावर खाऊ देऊ नये. खाणे बसूनच व्हावे.

पादत्राणे जुनी, सवयीची हवीत. नव्या बुटांचे उद्घाटन सहलीच्या दिवशी केले तर दुसऱ्या तासाला टाचेला फोड येतो. लोंबणाऱ्या नाड्यांचे कपडे आणि गळ्यातील दोऱ्या, रुमाल टाळावेत; खेळण्याच्या साधनांत अडकून गळ्याला फास बसण्याचा धोका त्यांच्यामुळे असतो.

बाबागाडीच्या दांड्याला जड पिशव्या लटकवण्याची सवय फार पसरलेली आहे. मुलाला उचलून बाहेर काढताच तोल मागे जाऊन गाडी उलटते. जड सामान खालच्या जाळीत ठेवावे किंवा पाठीवर घ्यावे.

४. निघण्यापूर्वीची २० मिनिटे

येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी खाणे, मग उघड्या त्वचेवर उन्हाचे मलम (सनस्क्रीन), मग पिशवी दाराशी, मग स्वच्छतागृह आणि सर्वांत शेवटी पादत्राणे. पुष्कळ घरांत पादत्राणे आधी चढतात, मग कोणालातरी लघवीला जायचे असते, नाड्या सुटतात, आणि दाराबाहेर पाऊल पडण्याआधीच आवाज चढलेले असतात. ‘लागली आहे का?’ असे विचारू नये, कारण उत्तर ‘नाही’ असेच येते. सगळे जण जाऊन येत आहेत असे सांगून स्वतःपासून सुरुवात करावी.

उन्हाचे मलम एसपीएफ ३० किंवा अधिक असावे, बाहेर पडण्यापूर्वी १५ ते ३० मिनिटे लावावे आणि दर २ तासांनी, तसेच पाण्यात खेळल्यावर, पुन्हा लावावे. धाकटे ६ महिन्यांपेक्षा लहान असेल तर मलमाऐवजी सावली, टोपी आणि अंगभर सैल कपडे यांवर भर द्यावा.

दारातच प्रत्येक मुलाचे पूर्ण उंचीचे एक छायाचित्र काढावे. मूल नजरेआड झाले तर त्याने कोणत्या रंगाचा सदरा घातला होता हे घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. चित्र दाखवता येते. मुलाच्या दंडाच्या आतल्या बाजूला पेनाने मोबाइल क्रमांक लिहावा. नाव मात्र टोपीवर किंवा पिशवीवर ठळक लिहू नये, कारण नावाने हाक मारणारा अनोळखी माणूस मुलाला ओळखीचा वाटू लागतो.

तपासणी : मोबाइल पूर्ण चार्ज आहे का? मोठ्यांपैकी प्रत्येकाला निघण्याची वेळ ठाऊक आहे का?

५. वाटेत

गाडी लागण्याचा त्रास २ ते १२ वर्षे या वयात अधिक दिसतो. डोळ्यांना दिसणारी स्थिरता आणि आतल्या कानाला जाणवणारी हालचाल यांचा मेळ बसत नाही, म्हणून मळमळते. त्यामुळे अशा मुलाच्या हाती पुस्तक किंवा मोबाइल देऊन त्याला गप्प बसवणे हा उलटा उपाय ठरतो. त्याला खिडकीबाहेर दूरवर पाहू द्यावे आणि हवा खेळती ठेवावी.

रस्ता ओलांडताना सात-आठ वर्षांच्या चुणचुणीत मुलाचाही हात धरावा. येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा अंदाज सुमारे १० वर्षांपर्यंत भरवशाचा नसतो. मूल नियम घडाघडा म्हणते म्हणून त्याला अंदाज येतो असे होत नाही.

सरकत्या जिन्यावर मूल पायरीच्या मध्यभागी, तोंड पुढे करून, हात धरून उभे असावे. मऊ रबराची पादत्राणे कडेच्या फटीत खेचली जातात, म्हणून पाय कडेला टेकू देऊ नये. बाबागाडी सरकत्या जिन्यावर नेऊ नये. उद्वाहक (लिफ्ट) शोधावा, तो लांब असला तरी.

सावधान : ‘दोनच मिनिटांत आलो’ म्हणून मुलाला बंद मोटारीत ठेवू नये. उन्हात उभ्या मोटारीतले तापमान १० मिनिटांत सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढू शकते, आणि मुलाचे शरीर मोठ्यांच्या तुलनेत ३ ते ५ पट वेगाने तापते. काच थोडी उघडी ठेवल्याने विशेष फरक पडत नाही.

६. पोहोचल्यावरची पहिली १० मिनिटे

पोहोचताच तिकिटाच्या रांगेकडे धावू नये. स्वच्छतागृह दाराच्या आत आहे की बाहेर, आणि एकदा आत गेल्यावर बाहेर येऊन पुन्हा जाता येते का, हे आधी विचारावे. मी एकदा तिकिटे आधी काढली, आत शिरलो आणि पाच मिनिटांत कळले की स्वच्छतागृह बाहेर आहे आणि त्या तिकिटावर दुसऱ्यांदा प्रवेश नाही. दारावरचा माणूस नियमाला धरून होता, मुलगी पोट धरून होती आणि मी दुसऱ्यांदा रांगेत होतो. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे : स्वच्छतागृह, पाणी, भेटण्याची जागा, मग तिकीट.

भेटण्याची जागा मुलाच्या उंचीवरून दिसणारी असावी. मोठ्यांना उंचावरचा फलक दिसतो. मुलाला कमरांची आणि पिशव्यांची गर्दी दिसते. म्हणून खाली बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून पाहून, एखादा रंगीत खांब किंवा कारंजे निवडावे. चुकामूक झाली तर काय करायचे, हे एका वाक्यात सांगावे आणि त्याच्याकडून म्हणवून घ्यावे : ‘मी जेथे आहे तेथेच थांबेन, मोठ्याने हाक मारेन आणि गणवेशातल्या माणसाला किंवा मुले बरोबर असलेल्या बाईला सांगेन.’ भेटण्याची जागा स्वतः शोधत जाणे हे थोरल्या मुलांसाठी आहे. पाच वर्षांखालच्यांसाठी जागीच थांबणे एवढाच नियम ठेवावा.

७. प्रत्यक्ष वेळ : पाहणे आणि खेळणे

बागेत शिरल्यावर घसरगुंडीला हाताची मागची बाजू ५ सेकंद लावून पाहावी. हात ठेववत नसेल तर मुलाला बसू देऊ नये. केवळ पत्राच तापतो असे नाही. प्लास्टिक आणि जमिनीवरचे रबरी आच्छादनही तापते.

लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येणे ही प्रेमापोटी होणारी, पण खरोखर घातक चूक आहे. मुलाच्या बुटाचा तळवा कडेला अडकतो, पण मोठ्या माणसाचे वजन खाली जातच राहते आणि मुलाच्या नडगीचे हाड मोडते. एकटे घसरणारे मूल त्याच जागी अडकले तर केवळ थांबते. मुलाला एकटे बसण्याची भीती वाटत असेल तर त्याला लहान घसरगुंडीवर न्यावे.

उन्हाचा अंदाज घड्याळाप्रमाणेच सावलीवरूनही घेता येतो. सकाळी १० ते दुपारी ४ ऊन सर्वांत तीव्र असते. पण सोपी खूण अशी की सावली स्वतःच्या उंचीपेक्षा आखूड झाली की झाडाखाली जावे. मुलांना ही तपासणी सोपवली तर ती तिचा खेळ करतात आणि दर पाच मिनिटांनी सावली मोजून कळवतात.

पाण्याजवळ मोबाइल पूर्णपणे खिशात असावा. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकते आणि बुडताना आरडाओरडा होत नाही. अनेक मोठी माणसे हजर असतात तेव्हा धोका वाढतो, कारण प्रत्येकाला वाटते की दुसरा पाहतो आहे. १५ मिनिटांच्या पाळ्या लावाव्यात आणि पाळी बदलताना ‘आता तुझ्याकडे’ असे स्पष्ट म्हणावे.

संग्रहालयात किंवा प्रदर्शनात सगळे दाखवण्याचा अट्टहास सोडावा. तीन वस्तू निवडाव्यात आणि त्यांच्यापुढे बसावे. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना एका जुन्या लाकडी दारापुढे रमला. दारावर लोखंडी खिळ्यांच्या रांगा होत्या आणि खालून तिसऱ्या रांगेतला एक खिळा गळून तेथे भोक पडले होते. त्याने भोकाला डोळा लावला, मग बोट घातले नाही ना म्हणून माझ्याकडे पाहिले, मग पुन्हा डोळा लावला. पुढची दोन दालने राहिली. ती राहिली याची हळहळ मला होती, त्याला नव्हती.

काम दिले की मुले चालतात. ‘चल लवकर’ म्हणून न हलणारे मूल दहा गोल वस्तू शोधण्यासाठी अर्धा किलोमीटर जाते. गोल वस्तू, आकडा ७, पाच वेगवेगळे आवाज, पायऱ्यांची संख्या, यांतले एक काम परतीसाठी राखून ठेवावे. सगळी कामे जातानाच संपवली तर येताना हाती काही उरत नाही.

८. काही बिघडल्यास

मूल दिसेनासे झाले तर आधी पाणी आणि रस्ता या दोन दिशा पाहाव्यात, मग झाडे आणि दालने. मनातल्या मनात शोधत फिरू नये. ‘पिवळा सदरा, चार वर्षांचा मुलगा’ असे मोठ्याने ओरडत जावे, म्हणजे आसपासचे लोकही पाहू लागतात. एका मोठ्या माणसाने शेवटी मूल दिसले त्या जागीच थांबावे आणि दुसऱ्याने दाराशी जाऊन कर्मचाऱ्यांना छायाचित्र दाखवावे. मूल सापडल्यावर पहिला शब्द रागाचा नसावा, नाहीतर पुढच्या वेळी ते लपून बसते.

नाकातून रक्त आले तर डोके मागे टेकवू नये. रक्त घशात जाते आणि उलटी होते. मुलाला बसवून किंचित पुढे वाकवावे, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरावा आणि सलग १० मिनिटे सोडू नये. दर मिनिटाला उघडून पाहिले तर रक्त थांबत नाही. खरचटले तर स्वच्छ पाण्याने धुऊन पट्टी लावावी, त्यावर माती किंवा पूड घालू नये.

भर गर्दीत भोकाड पसरले तर समजावू नये, जागा बदलावी. सावलीत किंवा भिंतीच्या आडोशाला नेऊन पाणी द्यावे, काही खायला द्यावे आणि दोन मिनिटे गप्प बसावे. रडणे भुकेचे, झोपेचे की हट्टाचे हे त्यानंतर कळते. भुकेचे असेल तर बेत सुरू ठेवावा. झोपेचे असेल तर घड्याळ न पाहता निघावे. तिकिटाचे पैसे वसूल करण्यासाठी रेटलेला तासभर फार महागात पडतो.

९. निघणे आणि घरी पोहोचणे

मूल दमल्यावर निघू नये, ते आनंदात असताना निघावे. दमलेल्या मुलाला पादत्राणे घालणे हेच मोठे युद्ध असते. मिनिटांची पूर्वसूचना लहान मुलांना कळत नाही, म्हणून ‘पाच मिनिटांत निघू’ असे न सांगता ‘घसरगुंडी आणखी ३ वेळा, मग बूट’ असे सांगावे आणि तिसऱ्या वेळेनंतर खरोखरच निघावे. एकदा चौथी वेळ दिली की त्यानंतर कोणताही आकडा खरा मानला जात नाही. आमच्याकडे आजीने तो एकदा सातापर्यंत नेला होता.

निघताना पुन्हा स्वच्छतागृह, मग बाकांखाली आणि गवतात एक नजर, मग मुलांची आणि बाटल्यांची मोजणी करावी. खाऊचा शेवटचा हिस्सा परतीच्या प्रवासासाठी ठेवलेला असावा.

घरी आल्यावर मुले जेवत असतानाच पिशवी रिकामी करावी. ओले कपडे आणि अर्धवट खाल्लेले फळ पिशवीत दोन दिवस राहिले तर पुढच्या वेळी पिशवी उघडवत नाही. बदलण्याच्या कपड्यांचा नवा जोड तेव्हाच भरून ठेवावा आणि परतीच्या वेळा लिहिलेला तोच कागद उलटा करून त्यावर तीन ओळी लिहाव्यात. आमच्या गेल्या वेळच्या कागदावर आहे : ‘स्वच्छतागृह मागच्या दाराशी. १० नंतर झोक्यांवर सावली नाही. ८.१० ला दाराशी हालचाल सुरू करणे.’